दम, ताकद आणि अक्का

मटण खाते म्हणून मला बसवनगुडीत जागा मिळाली, हे मी आजही कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, जा गं, काहीही फेकतेस. ज्यांनी नव्वदच्या दशकात बेंगळुरात जागा शोधली आहे त्यांना तर हे मुळीच पटत नाही. फाटकाची कडी वाजवली की आतून नावाच्या आधी प्रश्न यायचा, व्हेज की नॉनव्हेज? मी पडले कोल्हापूरची. खोटं बोलायचं ठरवलं तरी जमत नाही. चार घरांनी मला फाटकातूनच वाटेला लावलं होतं आणि नव्या नोकरीवर रुजू व्हायची तारीख तोंडावर आली होती.

ह्या घराच्या मालकांनीही तेच विचारलं. मी आधीच तापले होते. म्हटलं, "खाते. मटण खाते, कोंबडी खाते, मासे मिळाले तर तेही खाते. द्यायची नसेल जागा तर तसं सांगा, मला उन्हात उभं करू नका."

"लहानपणापासून?"

"काय लहानपणापासून?"

"मटण."

"दात आले तेव्हापासून!"

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, जसा काही मी त्याला सोन्याचा हंडा सापडल्याची बातमी दिली. वरच्या गॅलरीकडे मान करून त्यांनी हाक मारली, "अगं, मिळाली! अस्सल मांसाहारी मिळाली!"

वरून एक खणखणीत बाईचा आवाज आला. "घरात शिजवायचं नाही म्हणावं. आणि आधी तिला पाणी द्या."

त्यांना मी काका म्हणायला गेले तर म्हणाले, "काका नको, अण्णा म्हण. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे अण्णाच म्हणतात." वरच्या आवाजाच्या मालकीणबाई म्हणजे अक्का. घराणं मूळचं आपल्याकडचं, पण तीन-चार पिढ्या तिकडेच मुरलेलं. त्यामुळे मराठी अशी, की आमटीत मधेच सांबाराचा मसाला लागावा. "स्वल्प थांब", "सरी सरी, उद्या बघू", आणि काही बिनसलं की लांबलचक "अय्यो".

अण्णा एका सरकारी कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर त्यांनी एकच काम केलं होतं. यंत्रांचे सुटे भाग ओढायचे, दाबायचे, वाकवायचे आणि मोडेपर्यंत बघत राहायचं की ते किती सोसतात. "प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे मोडते," असं ते म्हणायचे. "कुठे, ते तिच्यावर भार टाकायच्या आधी माहीत पाहिजे." निवृत्तीनंतर मोडायला सुटे भाग उरले नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःलाच चाचणीला घेतलं.

मटणाचा उलगडा मला पहिल्या रविवारी झाला. मी गांधी बझारच्या पलीकडच्या एका मिलिटरी हॉटेलात जेवून आले होते. तिकडे मांसाहारी खानावळीला मिलिटरी हॉटेल म्हणतात; सैन्याचा तिथे काही संबंध नसतो. येते तो व्हरांड्यात अण्णा उभे. छताच्या कडीला रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा टांगलेला आणि त्याच्या हुकाला एक लाकडी मूठ.

"मटण खाऊन आलीस?"

"हो."

"ओढ."

"काय?"

"मूठ धरून खाली ओढ. सगळी ताकद लावून."

जागा टिकवायची होती, ओढली. मग त्यांनी ओढली. माझा आकडा त्यांच्यापेक्षा फार मागे नव्हता. समोरच्या घरातले लोक गॅलरीत येऊन बघत होते. अण्णा वरती ओरडले, "बघितलंस? मटण!"

"मटण नव्हे," वरून अक्का म्हणाल्या, "वय!"

तर त्याचं असं होतं. कुठल्याशा संस्थेच्या ग्रंथालयात अण्णांचं जाणं-येणं होतं. तिथे बसून त्यांनी वाचलं होतं की आपल्या स्नायूंत क्रिएटिन नावाचं एक द्रव्य असतं. वजन उचलताना जो क्षणभराचा जोर लागतो, तो त्याच्या आधाराने येतो. आपलं शरीर ते थोडं स्वतः बनवतं, बाकीचं मांस-मासळीतून मिळतं. म्हणजे पिढ्यान् पिढ्या वरण-भातावर जगलेल्या माणसांच्या अंगात ते जरा कमीच. हे वाचल्यापासून त्यांना शेजारी एक मांसाहारी पाहिजे होता, तुलनेला. मी रीतसर भाडेकरू आहे असं समजत होते आणि प्रत्यक्षात मी नमुना होते.

आता हे सगळं कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. अण्णांनी बोटाने वर दाखवलं.

अक्कांचे पाय गेले होते. मणक्याच्या दुखण्यात कमरेखालचं बळ गेलं ते परत आलंच नाही. एक बाई सकाळी येऊन त्यांचं आंघोळीचं वगैरे करून जायची, बाकी दिवसभर त्या चाकाच्या खुर्चीत. आणि ही खुर्ची वरच्या मजल्यावर. जिना घराच्या बाजूने, बाहेरून, मधे एक वळण असलेला. अक्कांना खाली आणायचं तर अण्णांनी दोन्ही हातांवर उचलून आणायचं आणि तसंच वर न्यायचं. दर शनिवारी देवळात, एरवी कधी बाजारात, कुणाच्या मुंजीला.

मी आपला व्यवहारी सल्ला दिला. "अण्णा, मी वर राहते, तुम्ही खाली या. आजच्या आज सामान हलवू."

"तिला विचार."

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ही जागाही गेली. "खाली मला काय दिसणार गं? शेट्टीच्या दुकानाचं शटर? इथे बघ, झाडाचा शेंडा आहे. पोपट आहेत. सगळी गल्ली दिसते. पाय गेले, आता डोळेही काढून घ्या माझे."

"मग निदान चार माणसं बोलवून, खुर्चीसकट…"

"चौघांनी उचलायची वेळ येईल तेव्हा येईलच," अक्का म्हणाल्या. "तोवर एकानेच उचलायचं."

मी सामान हलवायचा विषय सोडून दिला.

अण्णांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांचे वडील आणि थोरले भाऊ, दोघेही हृदयाच्या झटक्याने बसल्या जागी गेले होते. अण्णांच्याही छातीत एकदा जड झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, जमलं तर हळूहळू पळा. "मी गेलो तर हिला कोण उचलणार?" म्हणून अण्णा पळायला लागले. सकाळी लालबागेत, खाकी अर्धी चड्डी, कॅन्व्हासचे बूट, माकडटोपी. पळणं म्हणायचं ते हात हलत होते म्हणून. गप्पा मारत चालणाऱ्या मामी त्यांना मागे टाकून जायच्या. पण नेम कधी चुकला नाही. आणि संध्याकाळी गच्चीवर वजनं. डालड्याच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट भरून त्यांनी ती घरीच केली होती. उचलताना तोंडाने असा आवाज काढायचे की पहिल्या दिवशी मी जिना चढून धावत गेले होते.

घोटाळा असा झाला, की पळायला लागल्यापासून डबे जड वाटायला लागले. दम वाढला, ताकद घटली. अण्णांनी परत ग्रंथालय गाठलं. तिथे कळलं की हे जगभर होतं. दोन्ही व्यायाम एकदम केले की ताकद पाहिजे तेवढी वाढत नाही, वयस्कर माणसाची तर नाहीच नाही. "दम आणि ताकद सवती आहेत," ते मला सांगायचे. "एकीला साडी आणली की दुसरी रुसते. आणि मला तर दोघींना नांदवायचंय." दम नसेल तर मी नाही, ताकद नसेल तर ती खाली येणार नाही. इतका सरळ हिशोब होता.

बसवनगुडीत कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिकडे तिला कडलेकाई परिशे म्हणतात. नंदीच्या देवळाच्या रस्त्यावर शेंगांचे ढीगच ढीग. लग्न होऊन आल्यापासून अक्कांनी ती जत्रा चुकवली नव्हती. मी आले त्या वर्षी अण्णांनी त्यांना खाली आणलं, खुर्चीत बसवलं, जत्रा दाखवली. उशिरा दुपारी परत आलो. अण्णा त्यांना उचलून जिना चढायला लागले. मी खुर्ची घेऊन मागे.

वळणापाशी ते थांबले. मला वाटलं, श्वास घेतायत. मग बघितलं तर गुडघे थरथरत होते. ते हळूच पायरीवर बसले, अक्का मांडीवर. मी पुढे झाले तर म्हणाले, "हात लावू नकोस." आवाज असा, की मी एक पायरी खाली उतरले.

अक्का मात्र थंड. आजूबाजूला बघून म्हणाल्या, "इथून लिंबाचं झाड छान दिसतं की. मुली, वर जा, डिकॉक्शन काढून ठेवलंय. तिघांना कॉफी आण."

जिन्याच्या वळणावर बसून आम्ही तिघांनी कॉफी घेतली. अक्कांनी मांडीवर बसल्या-बसल्या अण्णांच्या पेल्यात फुंकर घातली. शेट्टी दुकानातून बघत होता, त्याला त्यांनी तिथूनच हरभऱ्याच्या डाळीचा भाव विचारला. कॉफी संपल्यावर अण्णा उठले आणि एकेक पायरी करत त्यांना वर घेऊन गेले. खुर्चीत बसवल्यावर अक्का पदर सारखा करत म्हणाल्या, "आता बास झालं. मला खाली काय ठेवलंय? सगळं इथून दिसतं."

त्या दिवसापासून त्या खाली उतरल्याच नाहीत. शनिवारचं देऊळही बंद. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायच्या; फुलवाली फुलं टाकायची, भाजीवाला कोथिंबीर. गल्लीशी त्यांचा व्यवहार त्या टोपलीतून चालायचा. हसतमुख होत्या, काही बोलायच्या नाहीत. अण्णाच बोलले, मला, व्हरांड्यात. "पुढच्या परिशेला मी तिला खाली नेणार आणि वर आणणार. मधे न बसता."

मग अमेरिकेतल्या भाच्याला निरोप गेला आणि कुणातरी येणाऱ्याच्या बॅगेतून पावडर आली. पांढरा प्लॅस्टिकचा मोठा डबा. आत रांगोळीसारखं शुभ्र पीठ. अण्णांनी तो देवघरातल्या समईसारखा दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात नेला आणि तिथेच महाभारत सुरू झालं.

"हे काय?"

"क्रिएटिन. ताकदीचं आहे."

"कशाचं असतं?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, औषध आहे, डॉक्टरने दिलंय, संपला विषय. पण अण्णांना खोटं बोलायचं इंद्रियच नव्हतं. जन्मभर मोजमापं लिहिलेला माणूस. म्हणाले, "आपल्या अंगात असतं. मटणातही असतं."

"म्हणजे मटणाचं पीठ!"

"अय्यो, तसं नाही. हे कारखान्यात करतात. रसायनांपासून. कुठला प्राणी नाही, काही नाही."

"पण मटणात असतं ते हेच?"

"…हेच."

"मग ते मटणच. कारखान्यात केलं म्हणून काय झालं?"

साक्षीला मला वर बोलावलं. मी म्हटलं, "अक्का, मी जन्मभर मटण खाल्लंय, त्याला असला पांढराफटक रंग नसतो." ह्याने काही उपयोग झाला नाही. पालथ्या घड्यावर पाणी. अक्कांचं पुढचं वाक्य मला अजून आठवतं. "घ्यायचं तर घ्या, तुमच्या जिवाला पाहिजे असेल. पण ज्या ताकदीत मटण आहे, त्या ताकदीने मला देवळात नेऊ नका."

झालं! म्हणजे जिच्यासाठी हे सगळं, तीच म्हणते हात लावू नका. अण्णा दोन दिवस जेवणाव्यतिरिक्त तोंड उघडत नव्हते. शेवटी तह झाला. डबा घरात येणार नाही. जिन्याखालच्या चपलांच्या कपाटात राहील. चमचा, पेला वेगळा. पावडर घेतल्यावर चूळ भरायची, आंघोळ करायची, मग अक्कांना शिवायचं. त्या थंडीत अण्णा दिवसातून दोनदा आंघोळ करायचे आणि चपलांच्या कपाटासमोर उभे राहून तीर्थ घ्यावं तसं ते पाणी प्यायचे. भरपूर पाणी प्यायला पाहिजे असं वाचल्यामुळे एक तांब्या सतत हातात. शेट्टीने मला हळूच विचारलं, "अण्णांना साखरेचा त्रास आहे का?"

शेट्टीच्या दुकानात दाराशी पोती तोलायचा लोखंडी काटा होता, दांडीवर वजन सरकवायचा. लालबागेतून आले की अण्णा रोज त्याच्यावर उभे राहायचे. पावडर सुरू केल्यावर त्यांचं वजन थोडं वाढलं. शेट्टी हसायचा, "अण्णा, दप्प आगिद्दीरी!" म्हणजे जाडे झालात. "पाणी आहे ते," अण्णा गंभीरपणे सांगायचे, "स्नायूंत पाणी साठतं."

फरक पडत होता खरा. उन्हाळ्यात सिमेंटचा एक डबा वाढला, पावसाळ्यात आणखी एक. रविवारी स्प्रिंगचा काटा ओढताना त्यांनी मला बरंच मागे टाकलं. पळणंही चालूच. पण त्यांचा खरा पुरावा वेगळा होता. अक्कांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर ते रोज ठेवायचे. एक दिवस जिना उतरून माझ्या दारात आले, डोळे लहान पोरासारखे. "आज हलकी लागली गं. पिसासारखी. काम करतेय पावडर!" मग दर आठवड्याला तेच. "आणखी हलकी लागली." सवती नांदायला लागल्या होत्या आणि माणूस आनंदात होता.

त्या वर्षी माझीही चंगळ होती. संध्याकाळी अण्णा गच्चीवर डबे उचलायला गेले की माझ्या खिडकीसमोर वरून टोपली यायची. टोपलीत झाकलेला डबा. कधी बिसीबेळे भात, कधी पोळी-भाजी, कधी उपमा. "मला जास्त झालं गं," वरून आवाज यायचा. "वाया जाईल. खा तू, ऑफिसातून दमून आलीस." मी तुटून पडायचे. ऑफिसातल्या डबड्या कॅन्टीनपुढे ते अमृत होतं. मला वाटायचं, ह्या घरात मोजमापाचं एवढं वेड, पण स्वयंपाकाचा अंदाज काही येत नाही. आमच्या आईला पत्रातून कौतुक कळवलं होतं मी त्याचं. अक्कांच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या, अंगठीला त्यांनी मागून दोरा गुंडाळला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "वयाने हात सुकतात गं."

आणि मी ते ऐकून घेतलं. विशी-पंचविशीत माणूस किती कमी बघतं!

जत्रेच्या सोमवारी अण्णांनी सकाळी पळणं केलं, पावडर घेतली, आंघोळ केली आणि वर गेले. अक्का नको-नको म्हणत होत्या, पण हिरवं इरकल नेसून तयार होत्या. अण्णांनी उचललं. मी खाली खुर्ची धरून. ते वळणावर आले आणि थांबले नाहीत. शेवटची पायरी उतरून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टाळ्याच वाजवल्या. समोरच्या घरातल्या लोकांनीही वाजवल्या.

जत्रा बघून आम्ही परत आलो, अक्कांच्या मांडीवर भाजलेल्या शेंगांची पुडी. शेट्टी दुकानातून ओरडला, "अक्का! बन्नी बन्नी!" या या. वर्षभराने अक्का रस्त्यावर दिसल्या होत्या, त्याला कोण आनंद. अण्णा तर काय, तरंगतच होते. त्यांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी खुर्चीतून अक्कांना झटक्यात उचललं आणि तशाच घेऊन पोत्यांच्या काट्यावर उभे राहिले. "बघ शेट्टी! दोघांचं मिळून बघ!"

"काहीतरीच!" अक्का एकदम कळवळून म्हणाल्या. "अहो, नको. बेडा. लोक बघतायत. उतरा आधी!"

मला वाटलं, लाजल्या. शेट्टीलाही तसंच वाटलं. त्याने हसत-हसत दांडीवरचं वजन दोन माणसांच्या अंदाजाने सरकवलं. दांडी उठेना. त्याने वजन मागे घेतलं. तरी उठेना. अजून मागे. अजून. दांडी एकदाची अधांतरी झाली तेव्हा शेट्टीचं हसू गेलं होतं. "अण्णा," तो म्हणाला, "काट्यात काहीतरी बिघाड आहे."

"काटा सरी आहे," अण्णा म्हणाले. "सकाळीच उभा होतो मी ह्याच्यावर."

स्वतःचं वजन त्यांना पाठ होतं. वजाबाकी करायला कितीसा वेळ लागणार? मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांनी दांडीकडे बघितलं, मग हातावरच्या बायकोकडे, आणि मग बांगडीकडे, जी कोपरापाशी अडकली होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"शेंगा निवतायत," अक्का म्हणाल्या.

"कधीपासून, विचारतोय मी."

अक्का रस्त्याकडे बघत होत्या. "तुम्ही तिथे गच्चीवर सिमेंट उचलता. सकाळी पळता. ते पीठ पिता, दोनदा आंघोळ करता. मी नुसती बसून बघायचं का? मला पळता येत नाही, काही उचलता येत नाही. माझ्या हातात तेवढंच होतं. एक घास कमी."

मला एकदम सगळं आठवलं. संध्याकाळची टोपली, झाकलेला डबा, 'वाया जाईल गं'. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं असावं. मला रडूच फुटलं, तिथे, दुकानाच्या दारात, शेंगांच्या टरफलांत उभी राहून.

अण्णांनी अक्कांना खुर्चीत ठेवलं आणि मग मात्र त्यांचा भडका उडाला. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "चाचणी चालू असताना भार बदलतात? न सांगता? कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं! वर्षभर मी मूर्खासारखा सांगत सुटलो, हलकी लागते, हलकी लागते! पावडर काम करते!" आवाज फाटला. ते एकदम शेट्टीच्या पोत्यावर बसले. मग त्यांनी पुडीतून एक शेंग घेतली, फोडली आणि दाणे अक्कांच्या तळहातावर ठेवले.

"खा."

अक्कांनी खाल्ले. त्यांनी दुसरी फोडली.

"पुरे की आता."

"खा म्हणतो ना. तू खा. उचलायचं माझं मी बघतो."

पुडी रिकामी होईपर्यंत ते शेंगा फोडत राहिले. शेट्टीने न मागता दुसरी पुडी आणून ठेवली. मग अण्णा उठले, अक्कांना घेतलं आणि जिना चढले. वळणावर पाऊल अडखळलं, पण बसले नाहीत. त्या चढण्यात किती पावडरीचं होतं, किती सिमेंटचं आणि किती अक्कांच्या अर्ध्या पोळीचं, हे आता कोण सांगणार? तो प्रयोग बिघडला तो बिघडलाच.

दुसऱ्या दिवशी मी चपला घालायला गेले तर कपाटात डब्याची जागा रिकामी. पांढरा डबा स्वयंपाकघरात गेला होता, साखरेच्या डब्याशेजारी. अक्कांनी स्वतः सांगून ठेवून घेतला होता. सोवळ्याचं काय, असं मी चिडवलं तर म्हणाल्या, "मला खोटं वागून चालतं, आणि त्यांना पीठ खाऊन चालत नाही होय?" टोपली पुढेही खाली येत राहिली, पण फुलांसाठी. माझं जेवण मी वर जाऊन त्यांच्याबरोबर करायचं, असा हुकूम झाला. अण्णा समोर बसून दोघींच्या ताटांवर लक्ष ठेवायचे. महिन्यातून एकदा अक्कांची स्वारी शेट्टीच्या काट्यावर. वजन पुढे सरकलं की त्या दिवशी अण्णा गल्लीत म्हैसूरपाक वाटायचे. बायको जड झाली म्हणून मिठाई वाटणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही.

दशक संपता-संपता मी पुण्याला आले. लग्न, मुलं, ज्यात-त्यात अडकले. दिवाळीला एखादा फोन व्हायचा. मग एका फोनवर शेट्टीने सांगितलं की अक्का गेल्या, झोपेतच. मला लगेच जाता आलं नाही. महिन्याभराने गेले.

अण्णा वरतीच राहत होते, गॅलरीत, त्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून. वाळले होते. टोपलीची दोरी गुंडाळून खिळ्याला लावलेली. मी हात धरून बसले. त्यांनीच सांगितलं. खाली सगळी तयारी झाली होती, खांदा द्यायला चौघे उभे होते, वर यायला निघाले होते. अण्णांनी त्यांना थांबवलं. "म्हटलं, खालपर्यंत मी. पुढे तुम्ही चौघं."

"एकट्याने?" मी विचारलं. "अण्णा, ह्या वयात?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तळव्यांकडे बघत बसले. मग जरासे हसले, पूर्वी व्हरांड्यात काटा ओढल्यावर हसायचे तसे.

"वळणावर बसावं लागलं मला," ते म्हणाले. "चांगली जड होती गं."